जाम झालेला ऑइल फिल्टर काढायला बसायच्या आधी

आधी रिंग. बाकीची तयारी नंतर वाचा. ऑइल फिल्टर म्हणजे गाडीच्या इंजिनला आट्यांवर फिरवून बसवलेला पत्र्याचा डबा. त्याच्या तोंडावर जी काळी रबरी रिंग असते, ती जाम फिल्टर सुटताना बऱ्याचदा इंजिनलाच चिकटून मागं राहते. तिच्यावर नवा फिल्टर चढवला की रबरावर रबर बसतं आणि हातानं आवळताना काहीसुद्धा कळत नाही, उलट छान घट्ट बसलाय असंच वाटतं. मग इंजिन चालू केलं, ऑइलचं प्रेशर आलं, की रिंग सटकते आणि सगळं ऑइल भसाभसा खाली. मागच्या वेळी माझं हेच बघायचं राहिलं होतं. नवंकोरं भरलेलं ऑइल पार्किंगच्या फरशीवर गेलं, डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा दिसताक्षणी किल्ली बंद केली म्हणून इंजिन वाचलं. तेव्हा या वेळी यादी लिहूनच काढली आणि पहिल्या ओळीत रिंग लिहिली.

आता फिल्टर जाम का होतो तेवढं समजून घ्या, कारण त्यावर हत्यारं ठरतात. बहुतेकांना वाटतं आटे गंजलेत. अहो, आटे रिंगच्या आतल्या बाजूला असतात, कायम ऑइलमध्ये भिजलेले, ते कुठनं गंजतील? धरून ठेवते ती रिंग. कुणीतरी बसवताना तिला ऑइल लावलं नाही, कोरडीच बसवली, वर पाना लावून मरणाचं आवळलं, आणि मग हजारो किलोमीटर इंजिन तापतंय-निवतंय तसं ते रबर कडक होऊन धातूला चिकटून बसलं. म्हणून डब्ल्यूडी-४० चा, म्हणजे गंजलेलं सोडवायच्या स्प्रेचा, डबा या यादीत नाही. बाहेरनं कितीही मारा, रिंग ते आत जाऊ देणार नाही, वर फिल्टर निसरडा होऊन पाना सटकायला लागेल ते वेगळंच. आणि जे रबर एवढं चिकटलंय ते फिल्टरबरोबर सुटून येईलच असं धरून कसं चालेल? म्हणून परत परत रिंग म्हणतोय.

सामान गोळा करताना पहिल्यांदा नवा फिल्टर घरात आणून ठेवा. जुना फोडून झाल्यावर दुकान शोधायला जायचं नाही, कारण तेव्हा गाडी हलणार नाही. गाडीचं मॉडेल, इंजिन, साल सांगून घ्या, ओरिजिनल घ्या, शंभरभर रुपये वाचवायला कुठलाही डबा घेऊ नका. ऑइल, ड्रेन प्लगचा (जुनं ऑइल काढायच्या खालच्या बोल्टचा) नवा वॉशर, नरसाळं, तसराळं, हे सगळ्यांना माहीत आहे. तसराळं मात्र पसरट घ्या. जाम फिल्टर सुटताना ऑइल एका धारेत पडत नाही, हातावरनं, पान्यावरनं, चॅसीवरनं ओघळत चारी बाजूला जातं. खाली मोठा पुठ्ठा टाका. पांढरी चिंधी घ्या, दोन-तीन तरी. पांढरीच का ते खाली येतं.

बॅटरी, म्हणजे टॉर्च. मोबाईलची नको, वेगळी, डोक्याला लावायची असेल तर उत्तम. आणि एक छोटा आरसा, अगदी पर्समधला चालतो. घरात कुणाकडं तरी असतोच. हे दोन्ही रिंग बघायला. फिल्टर जिथं बसतो ती जागा बऱ्याच गाड्यांत खालनं सरळ दिसत नाही, मान वाकडी करूनही अर्धाच गोल दिसतो, आणि उरलेल्या अर्ध्यात रिंग असली तर? आरसा विसरू नका.

पान्याचं बघू. फिल्टरच्या बुडाला कंगोरे असतील तर त्यावर टोपीसारखा बसणारा पाना मिळतो, पण तो बरोब्बर मापाचा पाहिजे, व्यास आणि कंगोऱ्यांची संख्या दोन्ही जुळली पाहिजे. थोडा जरी सैल असला तरी जाम फिल्टरवर तो गरागरा फिरतो आणि कंगोरे खाऊन टाकतो, मग तोही गेला आणि जागाही गेली. गाडीखाली जाऊन कंगोरे मोजा, फोटो काढा, मग दुकानात जा. दुसरा, तीन नखांचा पाना, रॅचेटला लागतो, जेवढं फिरवाल तेवढी नखं आवळत जातात. जाम फिल्टरला मला तरी हाच सगळ्यात भरवशाचा वाटतो, फक्त फिल्टरखाली जागा पाहिजे. तिसरा चेन पाना. पट्ट्याचा पाना ऑइल लागलं की सटकतो, तरी तोच घरात असेल तर फिल्टर साबणाच्या पाण्यानं स्वच्छ पुसा, कोरडा करा आणि मध्ये पॉलिश पेपर गुंडाळा, खरखरीत बाजू फिल्टरकडं. त्यानं पकड बरीच वाढते. आपल्याकडं उद्यमनगरात हत्यारांना तोटा नाही, आणि माप जुळत नसेल तर एखादा लेथवाला काहीतरी करून देतो, त्यामुळं अर्धवट हत्यारावर काम सुरू करायला कोल्हापूरकराला तरी काही सबब नाही. शिवाय एक लांब एक्स्टेन्शन, म्हणजे पान्याला जोडायची दांडी, घ्या. जोर लांबनं लावता आला पाहिजे, हात फिल्टरजवळ अडकवून नाही, कारण शेजारनंच बहुतेक सायलेन्सरचा पाइप जातो.

छन्नी आणि हातोडी बाजूला ठेवा, लागू नये पण ठेवा. चामडी हातमोजे ठेवा, फाटलेल्या फिल्टरचा पत्रा ब्लेडसारखा लागतो. आणि जुनी रिंग खरवडायला प्लास्टिकची पट्टी नाहीतर लाकडाची चपटी कामटी. स्क्रू ड्रायव्हर नाही. इंजिनवर रिंग टेकते ती जागा, म्हणजे फेस, बहुतेक ॲल्युमिनियमची असते. शिरोलीला नाहीतर गोकुळ शिरगावला मशीन शॉपात काम करणाऱ्यांना सांगायला नको, मशीनिंग केलेल्या फेसवर खोल ओरखडा पडला की पुढं काय होतं. तिथनं ऑइल कायम पाझरत राहतं आणि फिल्टर बदलून ते थांबत नाही.

वेळ. सकाळी करा, दुकानं उघडी असताना. रविवारी दुपारनंतर हे काम काढूच नका. सोमवारी त्याच गाडीनं कुठं जायचं असेल तर मुळीच नको. पावसाळ्याच्या तोंडावर सगळेच सर्व्हिसिंग काढतात, मेच्या शेवटी शेवटी, तेव्हा निदान उघड्यावर करू नका. वळवाचा पाऊस कधी येईल सांगता येत नाही आणि ऑइल सांडलेल्या पुठ्ठ्यावर पाणी पडलं की सगळं अंगण खराब होतं.

जागा सपाट पाहिजे. पेठेतला बोळ उताराचा असेल तर गाडी दुसरीकडं न्या. हँडब्रेक, गिअर, मागच्या चाकांना दोन्हीकडनं ठोकळे, जॅकनं उचला आणि स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली जायचं नाही. विटांवर नाही, चिऱ्यावर नाही, ते दाबानं फुटतात. जाम फिल्टरला आपण खालनं जोरात हिसडे देणार असतो, साध्या सर्व्हिसिंगपेक्षा इथं गाडी जास्त हलते. स्टँड नसतील तर भाड्यानं आणा, उसने आणा, नाहीतर काम रद्द करा. घरात कुणालातरी सांगून खाली जा.

इंजिन पाचएक मिनिटं चालवून घ्या, मग थोडं निवू द्या. कोमट पाहिजे. कोमट असताना रबर जरा मऊ असतं. पण गरम सायलेन्सरला मनगट लागलं तर आठवडाभर डाग राहतो, त्यामुळं घाई नको.

आता क्रम. ऑइल आधी काढायचं नाही! सगळे व्हिडिओ ड्रेन प्लगपासनं सुरू करतात, चांगल्या फिल्टरला ते ठीक आहे. जाम असल्याची शंका असेल तर आधी फिल्टर नुसता हलतोय का बघा, पाव आटा, ढिला झाला एवढंच, लगेच थांबा. हलला तर मग प्लग काढा, ऑइल जाऊ द्या, मग फिल्टर. नाहीच हलला तर ऑइल अजून आत आहे, गाडी चालू होते, सरळ ओळखीच्या मेकॅनिककडं न्या, त्यात कमीपणा काही नाही. प्लग काढून ऑइल टाकून दिलं आणि फिल्टर अडला, तर गाडी तिथंच बसली.

दिशा. फिल्टरच्या बुडाकडं तोंड करून बघितलं की घड्याळाच्या उलटं. खाली झोपल्यावर, हात डोक्यावरनं गेल्यावर, भलेभले उलटं फिरवतात आणि जाम फिल्टर आणखी जाम करतात. मार्करनं फिल्टरच्या बुडावरच बाण काढून ठेवा, दहा सेकंदाचं काम आहे.

जोर एकसारखा लावा. पाना शक्य तेवढा इंजिनकडच्या बाजूला धरा, तिथं आत जाड प्लेट असते म्हणून पत्रा दबत नाही. मध्यावर धरलं की डबा चेपतो आणि पिळवटतो. स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवायचा तो उपाय सगळ्यांना माहीत असतो, तो शेवटचा. बऱ्याचदा फिल्टर फिरत नाही, पत्राच फाटत जातो, आणि एकदा भोक पडलं की इंजिन चालू करता येत नाही, म्हणजे मेकॅनिककडं चालवत न्यायचा रस्ता बंद. करायचंच असेल तर इंजिनजवळ ठोका, मधोमध न मारता जरा एका बाजूनं, कारण मधनं इंजिनचा आट्याचा तुकडा आत आलेला असतो. सगळा डबा फाटून नुसती प्लेट उरली तर प्लेटच्या कडेला छन्नी लावून उलट्या दिशेनं हळूहळू ठोकत फिरवायची. मागचा फेस सांभाळा.

सुटला? आता थांबा. हात पुसा. नवा फिल्टर अजून खोक्यातच राहू दे.

जुना फिल्टर उलटा करून त्याच्या तोंडाकडं बघा. खाचेत रिंग आहे? बोटानं ओढून बघा, खरंच रबर आहे का नुसती काळी खाच आहे. रिंग असेल तर ती काढून पुठ्ठ्यावर ठेवा. नसेल तर ती इंजिनवर आहे, दुसरीकडं कुठं जाणार? आणि ती इंजिनवर असली तरी दिसत नाही, हे नीट लक्षात घ्या. दबून चपटी झालेली असते, काळ्या ऑइलनं माखलेली असते, इंजिनचाच भाग वाटते. मी बघितलं नव्हतं असं नाही, वरवर बघितलं होतं. म्हणून पांढरी चिंधी. सगळा गोल फेस कोरडा होईपर्यंत पुसा, बॅटरी मारा, आरसा धरा, धातू चकचकीत दिसला पाहिजे, सगळीकडं, पूर्ण गोल. मग बोट फिरवा. रबर असेल तर बोटाला पायरी लागते. अर्धी तुटून अर्धी राहिलेली असू शकते, तीही निघाली पाहिजे. तुकडे जुळवून पूर्ण गोल होतोय का बघा. जुनी रिंग, अख्खी, डोळ्यासमोर पुठ्ठ्यावर पडलेली असल्याशिवाय नवा फिल्टर खोक्यातनं काढायचा नाही. फोटो काढून ठेवा हवा तर. कुणी बरोबर असेल तर त्यालाही बघायला लावा. कागदी एलिमेंटवाल्या गाडीत, म्हणजे जिथं पत्र्याच्या डब्याऐवजी झाकणाच्या आत नुसता कागदी फिल्टर असतो तिथं, झाकणाची रिंग असते, तिथंही जुनी काढूनच नवी, जुनीच्या वर नाही.

त्याच वेळी बघा, आट्याचा तो तुकडा इंजिनवरच आहे ना. कधीकधी जाम फिल्टर तोही घेऊन बाहेर येतो. आला असेल तर सोडवून परत जागी घट्ट बसवायचा.

नवा आणि जुना शेजारी ठेवून रिंगचा व्यास आणि आटे जुळवा. नव्याच्या रिंगला बोटानं ताजं ऑइल लावा, नाहीतर पुढच्या वेळी परत हीच सगळी कसरत. हातानं फिरवा, रिंग टेकली की पुढं पाऊण आटा, खोक्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते. पाना लावायचा नाही. वेडावाकडा आटा लागतोय वाटलं तर काढून परत.

रिंग बघितली ना?

ड्रेन प्लग नवा वॉशर घालून. विसरलात तर वरनं भरलेलं खालनं. ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेवढं, छोट्या पेट्रोल गाडीला साधारण ३ ते साडेतीन लिटर लागतं, थोडं कमी घालून डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघत वाढवा.

पहिल्यांदा चालू करताना एकजण किल्लीवर, एकजण बाहेरनं फिल्टरकडं बघत, गाडीखाली कुणी नाही. ऑइलचा लाल दिवा पाचएक सेकंदांत विझला पाहिजे, नाही विझला तर बंद. धार दिसली तर ताबडतोब बंद, रेस द्यायची नाही, आणि आवळून बघू असंही नाही, फिल्टर काढून फेस परत बघा. कोरडं असेल तर एक-दोन मिनिटं चालू ठेवा, बंद करा, पाच मिनिटांनी डिपस्टिक. घाटात वगैरे न्यायच्या आधी गावातच एक चक्कर मारून परत खाली बघा.

जुना फिल्टर भोक पाडून रात्रभर उलटा ठेवा, ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या, ते जुनं ऑइल नेणाऱ्याला देतात. गटारीत नको. आपली गटारं जयंती नाल्याला आणि नाला पंचगंगेला जातो. सांडलेल्यावर भुसा टाकून झाडून घ्या, हात साबणानं धुवा, तारीख आणि किलोमीटर नव्या फिल्टरवर मार्करनं लिहा.