पाऊस सरता सरता घोडं तीन पायांवर आलं तर आधी खूर उचलून बघा

परतीचा पाऊस थांबून ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की दरवर्षी हेच फोन चालू होतात, रात्री घोडी चांगली होती, सकाळी बघतो तर पुढचा पाय खालीच टेकवत नाही, नुसतं टोक टेकवून उभी आहे, पाय मोडला की काय. मोडलेलाही असू शकतो, नाही असं नाही, पण एका रात्रीत अचानक एवढं लंगडणं, वर जखम नाही, मार लागलेला नाही, तर बहुतेक वेळा खुराच्या आत पू झालेला असतो. आणि आपल्याकडे पहिलं काम काय होतं, तर खांदा चोळतात. खांदा लचकलाय म्हणून तेल लावतात, काहीजण तर अजून डाग देतात. मी पण केलंय हे, डाग नाही पण चार दिवस खांदा शेकत बसलो होतो आणि पाचव्या दिवशी खुराच्या वरून, केस संपतात त्या कडेतून पू फुटून बाहेर आला, तेव्हा कळलं. बिचारीचे चार दिवस फुकट गेले.

आता हे याच दिवसांत का होतं ते बघा. पावसाळाभर खूर चिखलात नि मुताच्या ओल्यात भिजून मऊ पडतं, तळवा आणि बाहेरची भिंत जिथे जुळतात तिथली पांढरी रेघ सैल होते, तिच्यात बारीक खडा, माती, शेण घुसतं. माथेरानसारख्या जांभ्याच्या वाटेवर तर खडे असतातच. मग ऊन पडलं की खूर वाळून आवळतं आणि घाण आत कोंडून राहते, तिथे पू धरतो. दुसरीकडे गळू झालं तर कातडी फुगते, खूर फुगू शकत नाही ना, सगळा दाब आतल्या आत, म्हणून एवढी कळ. वाटाण्याएवढा पू सुद्धा घोड्याला तीन पायांवर आणतो.

ओळखायचं कसं, तर दोन्ही पुढच्या खुरांवर हात ठेवून बघा, एक जास्त गरम लागतं. मग घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटं ठेवून नाडी बघा, एरवी ती शोधावी लागते, पू असेल तर ठणठण उडते. नालबंदाकडे खूर दाबायची पकड असते, तिने तळव्याच्या कडेकडेने दाबत गेलं की एका ठिकाणी घोडं पाय ओढून घेतंच. नुकतीच नाल मारली असेल आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत लंगडलं तर खिळा आत गेलाय का हा संशय पहिला. मात्र दोन्ही पुढचे पाय दुखतायत आणि घोडं मागे वजन टाकून ताठ उभं आहे असं दिसलं तर ते प्रकरण वेगळं, बहुतेक दाणा जास्त खाऊन दोन्ही खुरांच्या आत सूज आलीय, तिथे कोरायला जाऊ नका, दाणा बंद करून लगेच डॉक्टर.

खुरात खिळा रुतलेला दिसला तर हात शिवशिवतो उपटायला. थांबा. तळव्याच्या मधे तो रबरासारखा त्रिकोण असतो, तिथे किंवा त्याच्या बाजूच्या खाचेत खिळा खोल गेला असेल तर आतल्या सांध्यापर्यंत पोचलेला असू शकतो, एक्सरे काढल्याशिवाय कळत नाही, आणि उपटलात तर भोक मिटून जातं, मग कुठून कुठे गेला होता कोण सांगणार? डॉक्टर लवकर येणार असतील तर खिळ्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे तुकडे चिकटपट्टीने बांधा म्हणजे पाय टेकल्यावर तो अजून आत जाणार नाही. अगदीच काढावा लागला तर आधी मोबाईलवर फोटो काढा, कुठे, कोणत्या तिरपेपणाने, किती खोल. १९६२ हा पशुसंवर्धनच्या फिरत्या दवाखान्याचा टोल फ्री नंबर आहे, सेव्ह करून ठेवा.

साधा पू असेल तर औषध एकच, त्याला बाहेर यायला वाट द्यायची. हे काम डॉक्टरचं किंवा डॉक्टर सोबत असताना चांगल्या नालबंदाचं. नाल काढायची, तळवा साफ करायचा, पांढऱ्या रेघेत काळा ठिपका किंवा काळी चीर दिसते तिचा माग काढत बारीक वाट करायची. करड्या काळ्या रंगाचं घाण वासाचं पाणी आलं की झालं, पुष्कळदा दुसऱ्या दिवशी घोडं पाय टेकतं. भोक लहानच ठेवायला सांगा, रुपयाएवढा खड्डा पाडला तर आतलं मांस बाहेर येतं नि महिना जातो. वाट सापडत नसेल तर उगाच कोरत बसायचं नाही, एक दोन दिवस शेकून खूर मऊ करायचं, मग परत बघायचं.

शेक म्हणजे बादलीत हाताला सोसेल एवढं गरम पाणी, त्यात एप्सम सॉल्ट, पंधरा वीस मिनिटं पाय बुडवून. नंतर गव्हाचा कोंडा नि एप्सम सॉल्ट गरम पाण्यात कालवून तळव्याला थापायचं, वरून लहान मुलांचा डायपर (हसू नका, याच्यासारखं दुसरं काही बसत नाही) आणि त्यावर चंदेरी डक्ट टेप, टेप केसांवर आवळून घ्यायची नाही. रोज बदला, दोन तीन दिवस पुरे, नाहीतर खूर लिबलिबीत होतं. त्यानंतर पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावून कोरडी पट्टी, भोक कडक होईपर्यंत. मोरचूद, जळकं ऑइल, डांबर काही ओतू नका, आतलं जिवंत मांस जळतं.

धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र विसरायचं नाही, घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो आणि खुराचं बंद भोक त्याला आवडीची जागा. आधी लस दिली होती का, कधी दिली ते डॉक्टरना सांगा. अँटिबायोटिक प्रत्येक वेळी लागतंच असं नाही, पू निघाला की बहुतेकांना गरज पडत नाही, पण पाय वर सुजत चाललाय किंवा ताप १०१.५ फॅरनहाइटच्या वर आहे तर लागेल. वेदनेचं औषध डॉक्टरच देतील. मेडिकलवरून डायक्लोफेनॅक आणून टोचू नका, ते टोचलेलं जनावर मेल्यावर त्याचं मांस खाऊन गिधाडं मरतात म्हणून २००६ पासून जनावरांसाठी बंदी आहे, २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅकवरही आली. आणि औषधाने चालायला लागलं म्हणून लगेच वरातीला किंवा गाड्यापुढे घोडी काढू नका, तुळशीचं लग्न झालं की सुपाऱ्या यायला लागतात हे माहितीये, तरी.

डिसेंबरात सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला घोडं घ्यायला जाणार असाल तर दात बघून झाल्यावर चारही पाय धुऊन बघा. खुराच्या भिंतीवर आडवी चीर दिसली तर तिथून कधीतरी पू फुटलेला असू शकतो, खूर महिन्याला साधारण एक सेंटीमीटरच्या आतबाहेर वाढतं, म्हणजे केसांपासून चीर चार सेंटीमीटर खाली आली असेल तर दुखणं चारेक महिन्यांपूर्वीचं, भर पावसातलं. विकणाऱ्याला विचारा, तेव्हा काय झालं होतं म्हणून.