पूर्ण लॅबवर एकदम लिनक्स टाकायचं असेल तर पेनड्राईव्ह बाजूला ठेवा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि आपल्या तासगाव, विटा, जत, कवठेमहांकाळकडच्या कितीतरी शाळा-कॉलेजांच्या लॅबमधली मशिनं अधांतरी राहिली, कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० (मदरबोर्डवरची सुरक्षेची चिप) लागतं, प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो आणि आपल्याकडं अजून चौथ्या-सहाव्या पिढीची मशिनं मस्त चालू आहेत. ही मशिनं भंगारात घालू नका. ४ जीबी रॅम आणि एक स्वस्तातली एसएसडी असली तरी डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) आणि एक्सएफसीई (त्याचा हलका डेस्कटॉप) त्यावर छान पळतं. परीक्षेचं एखादं सॉफ्टवेअर विंडोजच मागत असेल तर तेवढी दोन-चार मशिनं वेगळी ठेवा, बाकीची मोकळी करा.

आता तीस मशिनवर टाकायचं कसं? पेनड्राईव्ह घेऊन एकेका मशिनसमोर बसून नेक्स्ट नेक्स्ट दाबत गेलं तर दिवस जातो आणि शेवटी प्रत्येक मशिन थोडं थोडं वेगळं होतं, कुठं पासवर्ड वेगळा, कुठं टाईमझोन चुकलेला. म्हणून नेटवर्कवरून टाकायचं. मशिन चालू झालं की लॅनकार्ड स्वतःच नेटवर्कवर विचारतं, मला बूट करायला काय आहे, याला पीएक्सई म्हणतात. सर्व्हर त्याला कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इन्स्टॉलर देतो, इन्स्टॉलर सगळ्या प्रश्नांची उत्तरं एका फाईलमधून वाचतो आणि तुम्ही चहाला जाऊ शकता. डेबियनमधे या फाईलला प्रीसीड म्हणतात, फेडोरा-रेडहॅटकडं किकस्टार्ट, उबुंटूकडं ऑटोइन्स्टॉल. इथं डेबियनचं सांगतो, बाकीच्यांची कल्पना तीच.

बरेच जण म्हणतात क्लोनझिलानं एका मशिनच्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढून सगळीकडं मारा. पटकन होतं हे खरं, पण मशिन-आयडी (प्रत्येक मशिनचा वेगळा ओळख क्रमांक) आणि एसएसएचच्या (नेटवर्कवरून मशिनमधे लॉगिन करायच्या सोयीच्या) किल्ल्या सगळीकडं सारख्याच जातात, त्या नंतर बदलाव्या लागतात, नाही तर दोन मशिनला एकच आयपी मिळण्यापर्यंत भानगडी होतात. आणि सहा महिन्यांनी इमेज जुनी झाली की परत नवीन काढा. प्रीसीड फाईल म्हणजे साधी टेक्स्ट फाईल, त्यात एक ओळ बदलली की पुढचं इन्स्टॉल नवीन. माझं मत पक्कं आहे, मेहनत इमेजवर नको, त्या फाईलवर करा.

सर्व्हर म्हणून लॅबमधलंच एक बरं मशिन घ्या, त्यावर डेबियन हातानं टाका. डीएनएसमास्क नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर डीएचसीपी (मशिनला आयपी पत्ता देणं) आणि टीएफटीपी (बूटच्या फाईली पाठवणं) दोन्ही बघतं. लॅबमधे राऊटर आधीच आयपी वाटत असतो, तो बंद करायची गरज नाही, डीएनएसमास्कच्या डीएचसीपी-रेंजच्या ओळीत नेटवर्कचा पत्ता आणि पुढं प्रॉक्सी लिहिलं की आयपी राऊटरच देणार आणि हा फक्त बूटची माहिती देणार. पोर्ट शून्य केला की डीएनएसचं, म्हणजे साईटच्या नावावरून पत्ता शोधायचं, काम तो करत नाही, तेही बरंच. मग डेबियनच्या साईटवरून नेटबूटची टार फाईल उतरवून टीएफटीपीच्या फोल्डरमधे सोडा. जुन्या बायोसच्या मशिनला पीएक्सईलिनक्स आणि यूईएफआयच्या (बायोसच्या नव्या अवताराच्या) मशिनला ग्रब, अशी बूटची दोन वेगळी सोय लागते, दोन्ही त्या टारमधेच असतात, पण डीएनएसमास्कमधे दोघांसाठी वेगळ्या ओळी लिहाव्या लागतात. लॅबमधे दोन्ही प्रकारची मशिनं असतात आणि निम्मी चालतात निम्मी नाही असं झालं की पहिलं इथंच बघा.

टीएफटीपी फार संथ असतं, म्हणून त्यावरून फक्त कर्नल आणि इनिटआरडी (इन्स्टॉलर ज्यात असतो ती फाईल) जाऊ द्या. प्रीसीड फाईल साध्या वेब सर्व्हरवर ठेवा. पॅकेजसाठी, म्हणजे इन्स्टॉल होणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फाईलींसाठी, सर्व्हरवर ॲप्ट-कॅशर-एनजी टाका, तो ३१४२ पोर्टवर बसतो, पहिल्या मशिननं पॅकेज इंटरनेटवरून ओढलं की बाकीच्यांना ते लॅबमधूनच मिळतं. नेटचा स्पीड कधी कसा असेल सांगता येत नाही, त्यामुळं हे करायचंच. स्विच मात्र बघून घ्या. समजा प्रत्येक मशिन दीड जीबी ओढतंय, तीस मशिनचे झाले ४५ जीबी, आणि जुना १०० एमबीपीएसचा स्विच असेल तर सेकंदाला १२ एमबीच्या वर जात नाही, म्हणजे एक तास नुसता त्यातच. गिगाबिट स्विचवर हेच पाच-सात मिनिटांचं काम. तेवढ्या दिवसापुरता कुणाकडून मागून आणला तरी चालेल.

आता प्रीसीड फाईल, खरं काम इथं आहे. कोऱ्या पानावरून लिहू नका, डेबियननं नमुना फाईल दिलेली आहे ती घ्या. प्रत्येक ओळीत चार गोष्टी असतात, प्रश्न कुणाचा, प्रश्नाचं नाव, प्रकार, आणि उत्तर. प्रकार आणि उत्तर यांच्यामधे एकच स्पेस किंवा एकच टॅब ठेवायचा, दिसायला सुंदर म्हणून जास्त स्पेस मारल्या तर त्या उत्तराचा भाग धरल्या जातात आणि इन्स्टॉलर मधेच अडून बसतो, कारण काही दिसत नाही. फाईल लिहून झाली की डेबकॉन्फ-सेट-सिलेक्शन्स ही कमांड सी ऑप्शन देऊन त्यावर चालवा, लिहिण्यातल्या चुका तिथंच कळतात.

अजून एक अडचण सगळ्यांना येते. भाषा आणि कीबोर्डचे प्रश्न नेटवर्क चालू व्हायच्या आधी येतात आणि प्रीसीड तर नेटवर्कवर आहे. म्हणून बूटच्या ओळीत ऑटो ट्रू आणि प्रायॉरिटी क्रिटिकल लिहायचं, पुढं फाईलची यूआरएल, मग इन्स्टॉलर ते प्रश्न मागं ढकलतो. पासवर्ड साधा लिहू नका, ती फाईल वेब सर्व्हरवर कुणालाही दिसते, एमकेपासवर्ड या कमांडनं हॅश करून (मूळ पासवर्ड कळणार नाही असं रूप करून) तो टाका. डिस्कचं नाव कुठं एसडीए असतं कुठं एनव्हीएमई, मशिनमधे एकच डिस्क असेल तर ती ओळ लिहूच नका, इन्स्टॉलर असेल ती घेतो. टाईमझोन आशिया-कोलकाता. शेवटी लेट-कमांड असते, म्हणजे इन्स्टॉल संपताना चालणारी कमांड, तिच्यात मराठी फॉन्ट आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड बसवून टाका, पोरांना पहिल्या दिवसापासून मराठीत टाईप करता आलं पाहिजे. मशिनचं नावही इथंच द्या, सर्व्हरवर मॅक ॲड्रेस (लॅनकार्डचा कायमचा नंबर) आणि नावाची एक यादी ठेवायची आणि स्क्रिप्टनं त्यातून आपलं नाव उचलायचं.

हे वाचल्याशिवाय सर्व्हर चालू करू नका. प्रीसीड विचारत नाही, डिस्क पुसून टाकतं. ऑफिसचं फी-पावत्यांचं मशिन त्याच नेटवर्कवर असेल आणि त्याच्या बायोसमधे नेटवर्क बूट पहिलं असेल तर सकाळी क्लार्कनं बटण दाबलं की सगळं गेलं. म्हणून इन्स्टॉलच्या वेळी लॅबच्या स्विचमधून ऑफिसची केबल काढा, सरळ उपसून ठेवा. दुसरं, बूट मेनूमधे डिफॉल्ट कायम लोकल डिस्क ठेवा. इन्स्टॉल फक्त यादीतल्या मशिनलाच द्यायचं असेल तर पीएक्सईलिनक्सच्या कॉन्फिग फोल्डरमधे त्या मशिनच्या मॅक ॲड्रेसच्या नावाची फाईल करा, सगळी अक्षरं लहान, मधे कोलनऐवजी डॅश, आणि सुरुवातीला शून्य-एक-डॅश. तो शून्य-एक इथरनेटचा कोड आहे, तो विसरला तर फाईल सापडतच नाही. इन्स्टॉल झालं की फाईल उडवायची, नाही तर नेटवर्क बूट पहिलं असलेलं मशिन दर वेळी परत परत फॉरमॅट होत राहील.

थेट लॅबवर जाऊ नका, आधी व्हर्च्युअल मशिनवर चालवून बघा, मग एका खऱ्या मशिनवर, मग एका रांगेवर. डेल-लेनोवोला एफ१२ दाबलं की बूट मेनू येतो, एचपीला एफ१२ म्हणजे थेट नेटवर्क बूट. लॅनकार्ड आयपी घेतच नसेल आणि स्विच मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) असेल तर स्पॅनिंग ट्रीमुळं, म्हणजे केबलचा फेरा झालाय का ते तपासण्यामुळं, पोर्ट अर्धा मिनिट गप्प बसलेला असतो, स्विचमधे पोर्टफास्ट ही सेटिंग चालू करा. आणि महावितरणचा भरवसा धरू नका, सर्व्हर आणि स्विच दोन्ही यूपीएसवर पाहिजेत, पार्टिशन चालू असताना लाईट गेली तर क्लायंट मशिनचं काही बिघडत नाही, परत चालू करायचं, पण सर्व्हर गेला तर तीसच्या तीस अडकतात.

विंडोजच्या त्या दोन-चार मशिनसाठी ऑटोअनअटेंड नावाची उत्तरांची फाईल पेनड्राईव्हवर टाकली की भागतं, तेवढ्यासाठी वेगळा सर्व्हर उभा करत बसू नका.

प्रीसीड, लेट-कमांडची स्क्रिप्ट, मॅकची यादी आणि डीएनएसमास्कची कॉन्फिग, सगळं मिळून काही केबीचं काम आहे. त्याची एक कॉपी लॅबच्या बाहेर, दुसऱ्या गावात असली तर आणखी चांगलं. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं तेव्हा सांगलीत तळमजल्यावरचं काय काय गेलं ते आपण बघितलंय. मशिनं नवी घेता येतात, या चार फाईली हातात असल्या की नव्या मशिनवर तीच लॅब दुपारपर्यंत उभी राहते.