पुल रिक्वेस्ट परत येते? या चुका टाळा

रविवारी सकाळी आयटी पार्कच्या रस्त्यावर तर्री पोहा खाताना पोरं मोबाईल पुढे करतात: "दादा, कोड तर चालून राहिला, मग पुल रिक्वेस्ट काहून बंद केली?" पुल रिक्वेस्ट म्हणजे दुसऱ्याच्या प्रकल्पात आपला बदल घ्या अशी विनंती. ती उघडून पाहिलं की बहुतेकदा कोडात खोट नसते. प्रकल्पाचे नियम सांगणारी कॉन्ट्रिब्युटिंग नावाची फाइल कोणी वाचलेलीच नसते.

सगळ्यात जास्त भोवते ती एडिटरची हुशारी. मीही पहिल्यांदा असाच तोंडावर आपटलो. तीन ओळींची दुरुस्ती केली, सेव्ह केलं आणि एडिटरने अख्खी फाइल आपल्या मनाने मांडून टाकली. विंडोजवर ओळीच्या शेवटाची अदृश्य खूण बदलली तरी हेच होतं: एकही अक्षर न बदलता सगळी फाइल बदलल्यासारखी लाल-हिरवी दिसते. तपासणाऱ्याने त्यात तुमच्या तीन ओळी कुठे शोधायच्या? तोही बहुधा दिवसभर नोकरी करून रात्री फुकटच बसलेला. म्हणून पाठवण्याआधी गिट या बदल नोंदवणाऱ्या साधनात डिफला स्टॅट लावून किती ओळी बदलल्या ते पाहा. आकडा अंदाजापेक्षा मोठा आला तर थांबा, ऑटो-फॉरमॅट बंद करा आणि गिट अ‍ॅडच्या पॅच पर्यायाने हवे तेवढेच तुकडे उचला. मांडणी खरंच सुधारायची असेल तर वेगळी रिक्वेस्ट, तीही आधी विचारून.

दुसरी चूक कॉलेजच्या लॅबमधली. मशीन सगळ्यांचं, गिटमध्ये नाव मात्र मागच्या बॅचच्या कोणाचं तरी. तुमचं कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, त्याच्या खात्यावर! कमिटच्या संदेशात साइन्ड-ऑफ-बाय ही सहीची ओळ मागणाऱ्या प्रकल्पात हे अंगाशी येतं. ती ओळ शोभेची नाही. एससीओ कंपनीच्या कोर्टबाजीने लिनक्सच्या कोडच्या मालकीवर बोट ठेवलं, तेव्हा 2004 मध्ये लिनक्स कर्नलने, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या प्रकल्पाने, ती सुरू केली. 'हा कोड देण्याचा मला हक्क आहे' असं तुम्ही त्यात लिहून देता. ते दुसऱ्याच्या नावाने कसं देणार? गिट कॉन्फिगमध्ये आपलं नाव-ईमेल घाला, शेवटचं कमिट अमेंड म्हणजे दुरुस्त करताना रीसेट-ऑथर आणि साइनऑफ जोडा. संदेशातली जुन्या नावाची ओळ हाताने खोडावी लागते, हे पोरं हमखास विसरतात. मग फोर्स-विथ-लीज लावून पुश, म्हणजे बदल सर्व्हरवर पाठवणं. नुसता फोर्स नको, सोबत्याने त्याच ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या शाखेवर) काही टाकलं असेल तर पुसलं जाईल.

कमिटचा मथळा नुसता "फिक्स" नको. पन्नासेक अक्षरांत काय बदललं ते लिहा.

रीडमीत, म्हणजे प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलीत, एखादा "अमेझिंग" घुसवणं म्हणजे योगदान नव्हे. ऑक्टोबरात पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट उपक्रमात 2020 साली टी-शर्टपायी अशा रिक्वेस्टचा इतका पूर आला, की आयोजकांना ऐन ऑक्टोबरात नियम बदलावा लागला: प्रकल्पाने होकार दिला असेल तरच रिक्वेस्ट मोजायची.

बदल सुचवले म्हणून घाबरून नवी रिक्वेस्टही उघडू नका. आधीची चर्चा जुनीतच अडकते. त्याच ब्रँचवर पुश केलं की जुनी आपोआप अद्ययावत होते. उत्तर येत नसेल तर आठवड्याने एकदा विचारा. दर तासाला "सर, प्लीज मर्ज" नको बाप्पा.