मुरमातलं नेपियर कसं सावरलं

गोठ्यामागचं वावर सपाट करताना वरची काळी माती खरवडून गेली, उरला मुरूम. त्यात नेपियर या चाऱ्याच्या गवताच्या दोन डोळ्यांच्या कांड्या लावल्या. फुटल्या, पण गुडघ्यावर जाईनात, पानं जांभळट. डीएपी हे स्फुरदयुक्त (फॉस्फरसचं) खत टाकलं, फरक शून्य.

मातीसोबत मायकोरायझाही गेला होता, हे उशिरा लक्षात आलं. ही बुरशी मुळांच्या आत राहते, केसाहून बारीक धागे मुळं पोहोचत नाहीत तिथवर पसरवते, स्फुरद आणून देते. बदल्यात गवताची साखर घेते. स्फुरद खत जास्त झालं की मुळं तिला फारसा थारा देत नाहीत. म्हणजे माझं डीएपी उलट पडत होतं!

मग धुऱ्यावरच्या जुन्या गवताखालची माती मुळांसकट खणून आणली. खड्ड्यात दोन मुठी, वर शेणखत, त्यावर नवी कांडी. एका ओळीला मुद्दाम नुसतं शेणखत दिलं.

दुसऱ्या कापणीला माती घातलेले ठोंब छातीला लागले, ती ओळ कमरेलाच. उपटून पाहिलं: इकडची मुळं ढेकूळ घट्ट धरून, तिकडची झटकताच मोकळी. बुरशी डोळ्यांना दिसत नाही, पण हे दिसलं.

धुऱ्याची माती आणताना हरळीच्या काड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी तेवढ्या वेचून टाका.