वृद्ध शरीराचा अभ्यास : चित्रकलेत नव्याने येणाऱ्यांसाठी काही अनुभव

शाळेतील चित्रकला शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी स्वतःच्या शरीराचा चित्रविषय म्हणून अभ्यास सुरू केला आणि तेव्हापासूनचे माझे बहुतेक काम याच विषयावरचे आहे. नागपुरात चित्रकला शिकणाऱ्या मुली, तसेच संसारातून मोकळ्या होऊन उतारवयात पहिल्यांदा कोळसा हाती घेणाऱ्या स्त्रिया, मला या कामाबद्दल विचारतात. त्यांना उपयोगी पडेल असे थोडे सविस्तर लिहावे म्हणून हा लेख.

कलाशिक्षणात वृद्ध माणूस भेटतच नाही, असे म्हणता येणार नाही. हेड स्टडीच्या, म्हणजे फक्त डोके आणि चेहरा काढण्याच्या, वर्गात तो लवकर येतो, कारण सुरकुत्यांमुळे साम्य पटकन साधते आणि छायाप्रकाशाला भरपूर वाव मिळतो. मात्र मी शिकले तेव्हा हा अभ्यास मानेपाशीच थांबत असे. मानेखालचे शरीर शिकायचे ते साडेसात किंवा आठ डोक्यांच्या प्रमाणाचे (म्हणजे पूर्ण उंची डोक्याच्या उंचीच्या तितक्या पट), तरुण आणि ताठ. म्हातारी स्त्री पूर्णाकृती दिसलीच तर जात्यापाशी किंवा देवळाच्या पायरीवर दिसे, म्हणजे कष्टाचे किंवा भक्तीचे प्रतीक होऊनच. वृद्ध शरीराला स्वतःची रचना असते आणि ती तरुण शरीराइतक्याच शिस्तीने शिकावी लागते, हे माझ्या सगळ्या कामामागचे म्हणणे आहे.

ही रचना नीट समजून घ्या. वयानुसार मणक्यांमधल्या चकत्या झिजतात आणि पाळी थांबल्यानंतर हाडांची घनता झपाट्याने कमी होते, त्यामुळे पाठीचा कणा आखूड होतो आणि पुष्कळदा वरच्या भागात वाकतो. हात आणि पाय यांची हाडे मात्र तेवढीच लांब राहतात. परिणामी धड लहान, हात लांब आणि डोके मोठे भासते. उभ्या आकृतीत सात डोकी भरणेही कठीण जाते. बरगड्या कमरेच्या हाडाजवळ येतात, मधली जागा उरत नाही आणि पोट पुढे येते. हे कारण माहीत नसलेला विद्यार्थी पोटाचा गोल वरून चिकटवतो, आणि मग ते चित्रात कधीच बसत नाही. चेहऱ्यावर दात गेल्याने जबड्याचे हाड झिजते, हनुवटी आणि नाक जवळ येतात, नाकाचे टोक खाली उतरते, कानाच्या पाळ्या लांबतात. हाताच्या पाठीवरची चरबी विरळ झाल्याने शिरा आणि स्नायुबंध उघडे पडतात; माझ्या मते हाताइतका चांगला शिक्षक दुसरा नाही, आणि तो कायम समोर असतो.

याशिवाय काही खुणा आमच्याकडच्या स्त्रियांच्याच असतात आणि त्या परदेशी शरीरशास्त्राच्या पुस्तकांत मिळणार नाहीत. आयुष्यभर साडी नेसलेल्या बाईच्या कमरेवर परकराच्या नाडीचा काळसर वळ कायमचा उमटलेला असतो. जड कानातल्यांनी पाळीचे छिद्र ओघळून चिरीसारखे झालेले असते. विदर्भातल्या कितीतरी जुन्या बायांच्या हातांवरचे गोंदण वर्षांनुवर्षे त्वचेत पसरत जाऊन कडा हरवलेले, निळसर-हिरवे झालेले असते. बाळंतपणाचे वण, शस्त्रक्रियेची शिवण, कपाळावर टिकलीने पडलेला फिकट डाग, यांतले काहीही सौंदर्याच्या किंवा संकोचाच्या नावाखाली गाळू नका, कारण वय म्हणजे नेमके काय घडते याचा हाच दृश्य पुरावा आहे.

पूर्वसूरींकडे पाहताना आपल्या शिल्पपरंपरेपासून सुरुवात करावी, असे मला वाटते. खोल गेलेले पोट, उघड्या बरगड्या आणि ओघळलेले स्तन असलेली चामुंडा आपण भीतीने पाहतो. झांजा वाजवणारी कृश कारैक्काल अम्मैयार चोळ शैलीच्या कांस्यमूर्तींत दिसते. या तमिळ संत कवयित्रीने आपले रूप काढून घ्यावे अशी शिवाकडे विनवणी केली, अशी कथा आहे. ही दोन्ही शिल्पे विलक्षण आहेत. तरीही एकीत वार्धक्य भयाचे वाहक आहे आणि दुसरीत वैराग्याचे, आणि रोज भाजी निवडणाऱ्या, गुडघ्याला तेल चोळणाऱ्या साध्या बाईचे शरीर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी अचित्रित राहिले आहे.

ते चित्रित करण्याचे धाडस ज्यांनी केले, त्यांत अमेरिकन चित्रकार ॲलिस नील मला सर्वांत जवळची वाटते. १९०० साली जन्मलेल्या नीलने १९७५ मध्ये सुरू केलेले विवस्त्र आत्मचित्र १९८० मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी पूर्ण केले. निळ्या पट्ट्यांच्या खुर्चीत ती चष्मा लावून, हातात कुंचला आणि फडके घेऊन बसली आहे. म्हणजे मॉडेलही तीच आणि कामात असलेली चित्रकारही तीच. फ्रान्समध्ये सुझान व्हलादाँ तरुणपणी इतर चित्रकारांची मॉडेल होती. तिने १९३१ मध्ये, साठी ओलांडल्यावर, उघड्या स्तनांचे आत्मचित्र रंगवले. ऑस्ट्रियाची मारिया लासनिग शरीर बाहेरून कसे दिसते यापेक्षा आतून कसे जाणवते ते रंगवत असे. २०१३ मध्ये व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाने तिला जीवनगौरवाचा सुवर्णसिंह दिला. आपल्याकडे १९३७ साली जन्मलेल्या अर्पिता सिंग यांनी वयस्क स्त्रीचे शरीर वारंवार आणि निःसंकोचपणे रंगवले आहे.

लासनिगच्या पद्धतीवरून मी एक सराव घेते. डोळे मिटून बसावे, ज्या अवयवाची जाणीव सर्वांत तीव्र आहे तो आधी काढावा आणि ज्याची जाणीवच होत नाही तो काढूच नये. दुखरा गुडघा कागदभर मोठा होतो. त्यानंतर आरशासमोर बसून तोच गुडघा मोजून काढावा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवावेत.

आरसा आपल्या उंचीच्या निम्मा असला तरी पूर्ण शरीर दिसते, म्हणून महागड्या मोठ्या आरशाची आवश्यकता नाही. उत्तरेच्या खिडकीचा प्रकाश स्थिर असतो हा पुस्तकी नियम नागपुरात वर्षभर चालत नाही : आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो आणि त्या खिडकीतून ऊन आत येऊ शकते. उन्हाळ्यात मी सकाळीच काम उरकते. दीर्घ बैठका वयस्क मॉडेलला सोसत नाहीत. वीस मिनिटांनी उठून चालू द्यावे आणि पायांच्या जागा खडूने आखून ठेवाव्यात. कूलरचा झोत थेट अंगावर नसावा.

प्रदर्शनाची वेळ येईल तेव्हा विरोधाची तयारी ठेवा. एका कलादालनात माझी दोन चित्रे उतरवण्यास सांगण्यात आले. तरुण स्त्रीचे विवस्त्र चित्र त्याच भिंतीवर चालले, हे मला अजूनही अन्यायाचे वाटते. तेव्हापासून मी सर्व चित्रांची छायाचित्रे आणि लेखी माहिती आधीच देते आणि संमती लेखी घेते. शीर्षकांत ‘सांजवेळ’, ‘पानगळ’ असले शब्द मी वापरत नाही, कारण ते प्रेक्षकाला चित्राकडे पाहण्याआधीच हळवे करतात. ‘वय ६७, बसलेली’ एवढे पुरते.

शिष्यवृत्त्यांना वयोमर्यादा असते म्हणून उशिरा येणाऱ्या स्त्रिया अर्जच करत नाहीत. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची वरिष्ठ फेलोशिप ४० वर्षांवरील कलावंतांसाठी आहे, ती अवश्य पाहावी.

शेजारच्या काकू किंवा घरी कामाला येणाऱ्या मावशी मॉडेल म्हणून बसायला तयार झाल्या, तर नात्याचा आधार घेऊन फुकट बसवू नका. मानधन आधी ठरवा, कपड्यांत बसायचे की कसे ते त्यांनाच ठरवू द्या, आणि चेहरा ओळखू यावा की नाही, चित्र बाहेर दाखवावे की नाही, हे चित्र पूर्ण झाल्यावर त्यांना समोर बसवून पुन्हा विचारा. नकार आला तर ते चित्र त्यांच्या हाती द्यावे किंवा आपल्या कपाटात ठेवावे.