स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाना: अर्जापूर्वी आणि परवाना मिळाल्यानंतर

स्वसंरक्षणासाठी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घ्यावे असे ज्यांना वाटू लागते, त्यांतील बहुतेकांची चौकशी ‘अर्ज कुठे करायचा’ येथून सुरू होते. ती ‘मला धोका नेमका कोणापासून आहे आणि तो कागदोपत्री कसा दाखवता येईल’ येथून सुरू झाली, तर पुढची बरीच पायपीट वाचते. शस्त्र बाळगणे हा आपल्याकडे घटनादत्त हक्क नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम, २०१६ यांच्या चौकटीत परवाना प्राधिकाऱ्याची खात्री पटली, तरच परवाना मिळतो. महाराष्ट्रात पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो आणि अन्यत्र तो जिल्हादंडाधिकारी या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो.

अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. हिंसा किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या व्यक्तीला शिक्षा संपल्यानंतरही पाच वर्षे शस्त्र बाळगता येत नाही. शांतता राखण्यासाठी किंवा चांगल्या वर्तणुकीसाठी ज्याच्याकडून बंधपत्र घेतले आहे, त्यालाही त्या मुदतीपुरती बंदी असते. मानसिक अस्वास्थ्य आणि सार्वजनिक शांततेला असलेला धोका हीसुद्धा नकाराची कारणे आहेत. मात्र अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे अधिनियमाच्या कलम १४ मध्ये स्पष्ट म्हटलेले आहे. आयकर विवरणपत्रांची जाडजूड फाइल जोडली की काम झाले, असा समज सर्वत्र आढळतो. त्या फाइलपेक्षा धोक्याचा पुरावा अधिक वजनदार ठरतो.

हा पुरावा कसा असावा, ते नीट समजून घ्यावे. ‘परिसरात चोऱ्या वाढल्या आहेत’ किंवा ‘माझा व्यवसाय मोठा आहे’ अशा मोघम विधानांवर पोलिसांचा अहवाल सहसा अनुकूल येत नाही. खंडणीचा दूरध्वनी आला असेल, तर त्याची तारीख, क्रमांक आणि त्याविषयी पोलीस ठाण्यात केलेली तक्रार हवी. जमिनीच्या वादातून धमकी मिळाली असेल, तर अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, म्हणजे लोक जिला ‘एनसी’ म्हणतात ती, आणि दाव्याची कागदपत्रे हवीत. सराफ, पेट्रोल पंपचालक किंवा मोठी रोकड नेणारा व्यापारी यांनी रोकड कोणत्या मार्गाने, कोणत्या वेळी आणि किती वारंवार न्यावी लागते, हे लिहून द्यावे. धमकी आली त्या दिवशी तक्रार न करता अर्जाच्या आदल्या आठवड्यात जुन्या धमक्यांची आठवण होणारे अर्जदार पुष्कळ असतात, आणि चौकशी करणाऱ्या अंमलदाराच्या ते लगेच ध्यानात येते.

अर्ज ‘नमुना अ-१’ मध्ये, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या शस्त्र परवान्यांसाठीच्या ऑनलाइन प्रणालीवर भरावा लागतो. परवानाधारकाला तेथूनच विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो. ओळख, वय आणि निवास यांच्या पुराव्यांसोबत वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. प्रशिक्षण हा केवळ कागद मानू नये. ज्याने प्रत्यक्ष मैदानावर काडतुसे भरून, रिकामी करून आणि झाडून पाहिलेली नाहीत, त्याच्या हातातले शस्त्र सर्वात आधी त्याच्याच घरच्यांना धोक्याचे ठरते. त्यानंतर स्थानिक पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. पोलिसांच्या अहवालासाठी नियमांत मुदत ठरलेली आहे आणि त्या मुदतीत अहवाल न आल्यास प्राधिकारी त्यावाचूनही निर्णय घेऊ शकतो. अहवाल मिळाल्यानंतर ६० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. प्रत्यक्षात मुदती लांबतात, म्हणून प्रत्येक टप्प्याची पोच जपून ठेवावी. नकार मिळाल्यास त्याची कारणे लेखी मागावीत आणि ३० दिवसांच्या आत अपील करावे. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावरील अपील विभागीय आयुक्तांकडे आणि पोलीस आयुक्तांच्या आदेशावरील अपील राज्याच्या गृह विभागाकडे जाते. दलालामार्फत परराज्यातील पत्त्यावर परवाना काढून देण्याचे आमिष दाखवले जाते. त्या वाटेने गेलेला माणूस संरक्षण सोडाच, आरोपीच्या पिंजऱ्यात जाण्याची शक्यता अधिक.

शस्त्राची निवड करताना चित्रपटांतून झालेली ओळख बाजूला ठेवावी. ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही, कारण ते प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीच्या आतील व्यास) मोडते. स्वसंरक्षणासाठी बहुधा ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल घेतले जाते. कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे सुमारे अर्धा किलो वजनाचे ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याची किंमत त्या वेळी सव्वा लाखाच्या आसपास होती, आणि ज्यांच्या सुरक्षेचे नाव घेऊन ते आणले त्यांतील किती जणींना ते परवडले असते, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. नियमित सराव होणार नसेल तर पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्व्हर बरे, असे माझे मत आहे, कारण त्यात काडतुसे आहेत की नाहीत हे चक्री उघडताच दिसते. पिस्तुलाचे मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढले तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, एक काडतूस राहू शकते आणि घरातील अनेक अपघातांचे मूळ तेथे असते. अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे बाळगता येतात; पूर्वी ही मर्यादा तीन होती. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली.

कोकणात आणि गोव्यात पीक संरक्षणासाठी दिलेल्या परवान्यांची परंपरा वेगळी आहे. त्या बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. त्यासाठी वन विभागाची स्वतंत्र परवानगी लागते. अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वन विभागाकडेही नोंदणी करावी लागते.

शस्त्र घरी आल्यानंतरची जबाबदारी परवाना मिळवण्यापेक्षा जड आहे. शस्त्र कुलूपबंद पोलादी तिजोरीत, काडतुसे वेगळ्या कुलपात आणि किल्ली केवळ परवानाधारकाजवळ, एवढे तरी पाळले गेलेच पाहिजे. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या मुंबईतील घरी त्यांचे परवानाधारक रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटले आणि सुटलेली गोळी त्यांच्याच पायात शिरली. ते भरलेले नसते, तर हा अपघात झालाच नसता. म्हणून शस्त्र कपाटात ठेवताना ते रिकामे केलेले असावे, नळी कधीही माणसाकडे वळलेली नसावी आणि झाडायचे ठरेपर्यंत बोट चापावर जाऊ नये. घरात कोणी नैराश्याने ग्रासलेले असेल, व्यसनाधीन असेल किंवा वाद विकोपाला गेलेला असेल, तर शस्त्र काही काळ पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे ठेवण्यात संकोच बाळगू नये. नोकर, चालक, अंगरक्षक किंवा मित्र यांच्या हाती ते क्षणभरही जाऊ नये, कारण परवाना व्यक्तीला दिलेला असतो.

सार्वजनिक ठिकाणी शस्त्र नेताना ते खोळीत, झाकलेले असावे. ते मिरवणे, कमरेला लावून समाजमाध्यमांवर छायाचित्रे टाकणे हे परवाना रद्द होण्याला दिलेले निमंत्रण आहे. लग्नात वा मिरवणुकीत हवेत गोळी झाडून इतरांच्या जिवाला धोका निर्माण केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हवेत गेलेली गोळी खाली येतेच.

आता प्रत्यक्ष वापर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खाजगी संरक्षणाचा हक्क आहे. त्याची मर्यादा कलम ३७ मध्ये आहे: संरक्षणासाठी आवश्यक असेल त्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. मृत्यू घडवण्यापर्यंत हा हक्क केव्हा पोहोचतो, ते कलम ३८ सांगते. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण आणि ॲसिडहल्ला या उद्देशांनी केलेले हल्ले त्यात येतात. मालमत्तेच्या बाबतीत जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग अशा मोजक्याच प्रसंगी तो तेवढा ताणता येतो. भरदिवसा बागेतले आंबे चोरणाऱ्यावर किंवा भिंतीवरून उडी मारून पळून चाललेल्या चोराच्या पाठीवर गोळी झाडणे यांत बसत नाही. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हल्ला प्रत्यक्ष होईपर्यंत थांबण्याची गरज नाही, रास्त भीती पुरेशी आहे, असे म्हटले. त्याचबरोबर भीती सरताच हक्कही सरतो, हेही स्पष्ट केले. न्यायालयात हा बचाव उभा करण्याची जबाबदारी आरोपीवर असते.

गोळी झाडावी लागलीच, तर प्रथम ११२ वर कळवावे, जखमीसाठी रुग्णवाहिका मागवावी, शस्त्र सुरक्षित करून बाजूला ठेवावे आणि घटनास्थळाची मांडणी बदलू नये. पोलिसांना घटना घडल्याची माहिती द्यावी व सविस्तर जबाबापूर्वी वकिलाशी बोलावे. शस्त्र हरवले किंवा चोरीला गेले, तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात नोंद करावी.

निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली की शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते. ती सरसकट सर्वांना न देता छाननी समितीने प्रत्येक परवान्याचा विचार करावा, अशी पद्धत मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणानंतर रूढ झाली. त्यामुळे धोका कायम असल्यास समितीकडे सूट मागता येते. आदेश निघाला की मात्र शस्त्र जमा करून पावती घ्यावी. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी करावा. परवानाधारकाचे निधन झाल्यास वारसांनी ‘आठवण’ म्हणून त्याचे शस्त्र कपाटात ठेवू नये. ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावे, कारण परवान्यावाचून ते घरात राहणे हा गुन्हा आहे. ज्या वारसाला ते आपल्या नावावर हवे असेल, त्याने इतर वारसांच्या संमतीपत्रासह स्वतःचा अर्ज करावा. परवानाधारक हयात असतानाही त्याने सत्तरी गाठली किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले, यांपैकी जे आधी घडेल त्यानंतर, वारसाला असा अर्ज करता येतो; ज्या घरात वडिलांचे हात थरथरू लागले आहेत, तेथे तो वेळीच केलेला बरा.