रशियन परीकथापट मुलांना दाखवताय? या चुका टाळा

बहीण खेळायला पळते, तेवढ्यात पक्षी तिच्या धाकट्या भावाला उचलून बाबा-यगा या चेटकिणीकडे नेतात. या लोककथेवर मॉस्कोच्या सोयूझमुल्तफिल्म स्टुडिओने १९४९ साली ‘गूसी-लेबेदी’ हा लघुपट केला. दिग्दर्शक होते इवान इवानोव-वानो आणि अलेक्सांद्रा स्नेझ्को-ब्लोत्स्काया. असा हाताने रेखाटलेला चित्रपट घरी बघताना त्याची रया जाते ती बहुधा आपल्याच हातून.

सगळ्यात मोठा घात टीव्ही करतो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) चालतो, पण हाताने रेखाटताना बऱ्याचदा एकच चित्र दोन चौकटी ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. हालचालीचा ठेका त्या थांब्यात असतो. नवे टीव्ही मात्र दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या चौकटी घुसडतात. मग धावणाऱ्या मुलीच्या हाताची कड विरघळते, कपड्याची रेघ ओल्या शाईसारखी फरफटते आणि आपण म्हणतो, प्रिंट जुनी आहे! पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन ‘मोशन’शी संबंधित पर्याय बंद करा. ‘सिनेमा’ मोड लावला तरी तो एकदा तपासाच, कारण काही टीव्हींवर तिथेही तो चालू राहतो.

पडदा भरावा म्हणून चित्र ताणू नका. मूळ चौकट जवळपास चौरस आहे. कडेला काळे पट्टे राहू द्या, नाहीतर मुलीचा गोल चेहरा भाकरीसारखा थापला जातो.

‘फार हळू चाललंय’ म्हणून वेग दीडपट करू नका. त्या काळात हा स्टुडिओ माणसांची पात्रं काढताना अनेकदा खऱ्या नटांचं चित्रण करून त्यावरून रेषा गिरवत असे; या पद्धतीला तिथे ‘एक्लेर’ म्हणत. चालीतला तो जडपणा खऱ्या देहाचा आहे. मला तो फार आवडतो.

इंग्रजी आवाज चढवलेली प्रत नको, मूळ रशियनच लावा. पण यंत्राने केलेल्या सबटायटलवर विसंबू नका. ‘गूस’ म्हणजे कलहंस, ‘लेबेद’ म्हणजे राजहंस. पण ‘गूसी-लेबेदी’ हा आपल्या ‘दगडधोंडे’सारखा जोडशब्द, दोन वेगळ्या जाती मोजत बसायचं नाही. ‘झिली-बिली’ म्हणजे त्यांचं ‘आटपाट नगर’. आणि बाबा-यगा! मराठी मुलाला ‘बाबा’ म्हणजे वडीलच वाटणार. रशियनमध्ये बाबा म्हणजे बाई, तीही अनेकदा म्हातारी. हे आधीच सांगून टाका.

खरी गंमत ‘किसेल’ची. कथेत दुधाच्या नदीला किसेलचे काठ आहेत आणि सबटायटल म्हणतं ‘जेली’. मुलांच्या डोळ्यांपुढे लालभडक थरथरता गोळा येतो. जुनं रशियन किसेल ओटचं: धान्य भिजवायचं, आंबवायचं, गाळायचं आणि ते पाणी घट्ट शिजवायचं. म्हणजे आपला गव्हाचा चीकच की! मूळ कथेत भट्टी मुलीला राय नावाच्या धान्याचा छोटा पाव देऊ करते, झाड रानटी सफरचंद, नदी साधं किसेल. ती आधी नाक मुरडते, परतताना मात्र तेच खाते आणि ते तिला लपवतात. इथे जेली म्हटलं की सगळा अर्थच गेला, कारण जेलीला कुठलं मूल नको म्हणेल?

उन्हाळ्यात घरी कुरडयांचा चीक शिजेल, तेव्हा वाटीभर चीक दूध घालून मुलांपुढे ठेवा आणि त्याच दुपारी चित्रपट लावा.